वाचकांचे प्रश्न : आल्फ एंगन, त्यांचे भाऊ आणि आल्टाचं हिम

नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेतल्या युटा राज्यात आयुष्य काढलेले स्कीपटू आल्फ एंगन (१९०९–१९९७) यांचा छोटा परिचय गेल्या अंकात छापला होता. त्यावर बरीच पत्रं आली. विजेतेपदांपेक्षा त्यांच्या कामाबद्दल वाचकांनी जास्त विचारलं, याचा आम्हाला आनंद आहे, कारण एंगन यांचं मोठेपण आमच्या मते तिथेच आहे. निवडक प्रश्न आणि उत्तरं खाली देत आहोत.

आल्फ विसाव्या वर्षी देश सोडून का गेले? घरच्यांचं पुढे काय झालं?
(सोलापूर)

ड्रामेन शहराजवळचं म्यॉन्डालेन हे आल्फ यांचं जन्मगाव. जन्म १५ मे १९०९ चा. वडील स्पॅनिश फ्लूच्या साथीत गेले तेव्हा आल्फ शाळकरी वयाचे होते. मागे आई मार्था आणि तीन मुलगे: आल्फ, स्वेरे आणि कोरी. थोरल्यावर घराचा भार लवकर आला. त्या काळी नॉर्वेतून अमेरिकेला जाणं ही नवी गोष्ट नव्हती. आधीच्या पन्नास-साठ वर्षांत लाखो माणसं तिकडे गेली होती आणि जवळपास प्रत्येक गावातल्या कुणाचं तरी कुणीतरी तिथे होतं.

आल्फ १९२९ मध्ये शिकागोला पोहोचले. स्वेरेही त्याच सुमारास आले. साल लक्षात घ्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि मंदी सुरू झाली. इंग्रजी न येणाऱ्या तरुणाला काम मिळणं कठीण होतं. शिकागोत आल्फ फुटबॉल खेळत होते. स्कीवरून उडी मारायची संधी मिळाली तेव्हा त्यांची उडी पाहून व्यावसायिक उडीपटूंनी त्यांना आपल्या चमूत घेतलं. हा चमू गावोगाव फिरून तिकीट लावून उड्यांचे कार्यक्रम करायचा, आणि त्याच फिरस्तीत आल्फ युटाला आले. आई आणि धाकटा कोरी १९३३ मध्ये अमेरिकेत आले. कुटुंब पुन्हा एकत्र आलं ते तिथेच.

१९३१ मध्ये आल्फ यांनी २४७ फुटांची उडी मारली, असं वाचलं. म्हणजे साधारण ७५ मीटर. आज लोक २५० मीटरच्या पुढे जातात. माणूस तोच, मग एवढा फरक कशाने?
(पुणे, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

याचं मुख्य उत्तर टेकडीत आहे, तंत्र आणि साहित्य त्यानंतर येतं.

उडीच्या टेकडीचे तीन भाग असतात. वरचा धावमार्ग, त्याच्या शेवटचा उड्डाणाचा कडा आणि खाली उतरण्याचा उतार. दुरून पाहणाऱ्याला वाटतं की कडा वर उचललेला असेल. तसं नसतं. आजच्या टेकड्यांवर तो दहा-अकरा अंश खालीच झुकलेला असतो. उडीपटू स्वतःच्या पायांनी वर रेटा देतो तेवढाच. पुढचं सगळं उतरण्याच्या उतारावर अवलंबून असतं. हा उतार ३५ अंशांच्या आसपास असतो आणि हवेतला मार्ग जवळजवळ त्याला समांतर जातो. म्हणून शंभर मीटर उडूनही जमिनीशी होणारी टक्कर माणसाला झेपते. पण उतार खाली हळूहळू सपाट होत जातो. उडीपटू त्या सपाट होणाऱ्या भागात पोहोचला, की तीच उडी गुडघे मोडणारी ठरते. त्यामुळे कोणत्याही काळात सर्वांत लांब उडीचा आकडा त्या काळच्या सर्वांत मोठ्या टेकडीपलीकडे जाऊ शकत नाही. टेकडी मोठी झाली की विक्रम वाढतो.

आल्फ यांनी २४७ फूट गाठले ते सॉल्ट लेक सिटीच्या पूर्वेला, पार्लीज खिंडीजवळच्या एकर हिलवर. युटा स्की क्लबचे अध्यक्ष पीटर एकर यांचं नाव त्या टेकडीला दिलं होतं. व्यावसायिकांमध्ये तो जागतिक विक्रम मानला गेला. त्याच वर्षी हौशी गटात नॉर्वेचे सिगमुंड रूड यांनी स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला ८० मीटर ओलांडले. म्हणजे आल्फ जगातल्या सर्वोत्तम उडीपटूंच्या अगदी जवळ होते. १०० मीटरचा टप्पा १९३६ मध्ये, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या प्लानित्सा इथल्या नव्या मोठ्या टेकडीवर पार झाला.

आता तंत्र. आल्फ यांच्या पिढीची रीत नॉर्वेतल्या कोंग्सबर्ग गावावरून ओळखली जाते. कमरेत वाकायचं, छाती स्कींवर पुढे झोकायची, हात पुढे ताणायचे किंवा फिरवायचे आणि दोन्ही स्की समांतर ठेवायच्या. पन्नासच्या दशकात हात मागे, अंगालगत आले. १९८५ च्या सुमारास स्वीडनच्या यान बोक्लव्ह यांनी स्कींची टोकं फाकवून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी धरायला सुरुवात केली. पंचांनी सुरुवातीला त्यांचे गुण कापले. पण फाकलेल्या स्कींवर आणि मधल्या अंगावर जास्त हवा धरली जाते, त्यामुळे उडीपटू जास्त वेळ तरंगतो. काही वर्षांत सगळ्यांनी ती रीत घेतली.

साहित्यातही मोठा फरक आहे. तेव्हाच्या उडीच्या स्की हिकरी लाकडाच्या, सुमारे आठ फूट लांब आणि जड असत. सरळ धावता यावं म्हणून तळाला तीन खाचा असत. टाच मोकळी असायची. तळाला आधी पाइनचं डांबर तापवून जिरवायचं आणि वर मेणाचा थर द्यायचा. हे मेण दिवसाच्या तापमानाला चुकीचं पडलं, तर सावलीतून उन्हात आल्यावर धावमार्गावरच स्की अडखळते आणि उडीपटू तोल गेलेला असतानाच कड्यावर पोहोचतो.

कड्यावरचा क्षण सर्वांत नाजूक. रेटा लवकर दिला तर अंग उभं राहतं आणि पुढचा झोक हरवतो. उशीर झाला तर रेटायला पायांखाली कडाच उरत नाही. दुसरी नेहमीची अडचण उतरण्याच्या जागेची. तिथलं हिम माणसांनी स्की आडव्या ठेवून, पायरी-पायरीने तुडवून घट्ट करावं लागे. एखादी जागा भुसभुशीत राहिली, तर स्कीचं टोक तिथे रुततं आणि उडीपटू तोंडावर आपटतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्लबच्या माणसांचं खरं काम हे तुडवणं असायचं.

जास्त लांब उडी मारणारा हरतो, हे कसं?
(कोल्हापूर)

अंतराला आणि शैलीला वेगळे गुण असतात. प्रत्येक टेकडीवर एक ठरलेली खूण असते. तिथपर्यंतच्या उडीला ६० गुण. मोठ्या टेकडीवर त्यापुढच्या प्रत्येक मीटरला १.८ गुण वाढतात, अलीकडे पडलात तर तेवढेच कमी होतात. शैलीसाठी पाच पंच प्रत्येकी २० पैकी गुण देतात. त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा वगळून उरलेले तीन मिळवतात.

समजा खूण १२० मीटरवर आहे. पहिला उडीपटू १२५ मीटर जातो. अंतराचे ६० अधिक ९, म्हणजे ६९. शैलीचे १७.५, १८, १८.५, १८.५, १९. मधल्या तिघांची बेरीज ५५. एकूण १२४. दुसरा १२८ मीटर जातो, पण दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून डगमगत उतरतो. अंतराचे ७४.४. शैलीचे १४.५, १५, १५, १५.५, १६, म्हणजे ४५.५. एकूण ११९.९. तीन मीटर कमी उडूनही पहिला जिंकतो. उतरताना एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, हात बाजूला पसरलेले, या टेलेमार्क पद्धतीला पंच मान देतात. आता वाऱ्याचे आणि धावमार्गाच्या लांबीचे गुणही मिळवतात किंवा वजा करतात. आल्फ यांच्या काळात ते नव्हतं.

गुणांच्या बेरजेतल्या एका चुकीने (तेव्हाची गुणपद्धत वेगळी होती) दुसऱ्या एका नॉर्वेजियन स्थलांतरिताचं पदक पन्नास वर्षं अडकून राहिलं. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातल्या बो गावचे अँडर्स हॉगन १९२४ च्या शामोनी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून उडी मारत होते. त्यांना १७.९१६ गुण मिळाले आणि चौथा क्रमांक. तिसरे आलेले नॉर्वेचे थोर्लाइफ हॉग यांचे गुण १८.००० दाखवले होते. पुन्हा हिशेब केल्यावर ते १७.८२१ निघाले. १९७४ मध्ये हॉग यांच्या मुलीने स्वतःच्या हाताने ते कांस्यपदक वृद्ध हॉगन यांना दिलं.

एवढे पराक्रमी आल्फ ऑलिंपिकला का गेले नाहीत?
(रत्नागिरी)

१९३६ च्या अमेरिकन संघासाठी त्यांचा विचार झाला होता. पण ‘व्हीटीज’ या न्याहारीच्या पदार्थाच्या खोक्यावर त्यांचं चित्र आलेलं होतं, म्हणून ते हौशी खेळाडू उरले नाहीत असं ठरवलं गेलं, आणि ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशींसाठी होतं. १९४० चं ऑलिंपिक महायुद्धामुळे झालंच नाही. १९४८ मध्ये सेंट मॉरिट्झला ते गेले, पण अमेरिकन संघाच्या प्रशिक्षकांपैकी एक म्हणून. त्याच स्पर्धेत ग्रेचन फ्रेझर यांनी स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरायच्या शर्यतीत, सुवर्णपदक जिंकलं. स्कीइंगमधलं अमेरिकेचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. आल्फ यांच्या स्वतःच्या खात्यावर १६ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. त्यात उडीबरोबर तीव्र उताराच्या शर्यतीही आहेत. दोन्ही प्रकारांत अव्वल राहणं तेव्हाही दुर्मीळ होतं.

वनखात्यासाठी त्यांनी स्कीची ठिकाणं शोधली, असं लिहिलं होतं. असं ठिकाण शोधतात कसं? आणि वनखात्याला यात रस का?
(नागपूर, वनविभागातून निवृत्त)

तुमच्यासारख्या वाचकाकडून हा प्रश्न आला याचं विशेष वाटलं. पश्चिम अमेरिकेतली बहुतेक डोंगराळ जमीन वनखात्याच्या ताब्यात होती. मंदीच्या काळात सरकारने बेरोजगार तरुणांसाठी वनसंवर्धनाची छावणीयोजना काढली. त्यांच्या हातून रस्ते, झाडं आणि लोकांसाठी हिवाळी क्रीडास्थळं उभी करायची होती. उतार वाचू शकणारा माणूस हवा होता. १९३५ पासून आल्फ हे काम करू लागले. युटा, आयडाहो, नेवाडा, वायोमिंग अशा राज्यांतल्या तीसच्या आसपास स्थळांच्या उभारणीत त्यांचा हात होता.

शोधण्याचं काम मुख्यतः पायी आणि स्कीवरून चालायचं. पहिलं पाहायचं तोंड कुठे आहे ते. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन कमी पडतं आणि हिम कोरडं राहतं. दक्षिणेकडचा उतार दुपारी वितळतो आणि रात्री काचेसारखा गोठतो. दुसरं, वारा. वाऱ्याच्या बाजूचं हिम उडून जातं आणि आडोशाच्या बाजूला साचतं. आडोशाची बाजू स्कीला चांगली, पण धोका तिथेच जास्त. तिसरं, कोनांची विविधता. नवख्यांना ५ ते १४ अंश पुरतात, मधल्यांना साधारण २२ पर्यंत, त्यापुढचा भाग तरबेजांचा. फक्त कडेच असलेला डोंगर प्रेक्षणीय असतो, पण तिथे शिकणारे येत नाहीत आणि शिकणारे नसले तर ठिकाण चालत नाही. चौथं, खाली सपाट जागा, पाणी आणि हिवाळ्यात उघडा ठेवता येईल असा रस्ता. हे शेवटचं सर्वांत महागडं. पाचवी खूण झाडांची. जंगलाच्या मधून वरून खाली गेलेला उघडा पट्टा, त्यात फक्त कोवळी किंवा एका बाजूला वाकलेली झाडं, म्हणजे तिथून हिमस्खलन जातं. तिथे इमारत बांधायची नाही.

आल्टाची गोष्ट यात वेगळी आहे. युटातल्या लिटल कॉटनवुड खोऱ्याच्या वरच्या टोकाला असलेलं हे गाव १८७० च्या दशकात चांदीच्या खाणींनी भरभराटीला आलं. खाणींच्या आधाराला आणि जळणाला डोंगर तासून काढले. झाडं गेल्यावर हिम धरून ठेवायला काही उरलं नाही आणि स्खलनांनी अनेक बळी घेतले. चांदी संपली, गाव ओस पडलं. आल्फ यांनी इथे येऊन पाहणी केली आणि जागा स्कीसाठी योग्य असल्याचं कळवलं. पण झाडं परत लावायला हवीत हेही त्यात होतं. छावणीतल्या तरुणांनी रोपं लावली. गावात उरलेले, स्वतःला महापौर म्हणवणारे जॉर्ज वॉटसन यांनी सुमारे १,८०० एकर जमिनीचे पृष्ठभागाचे हक्क वनखात्याला दिले. जुन्या खाणीच्या दोरीवाटेचे भाग वापरून बसून वर जायची कॉलिन्स लिफ्ट उभी राहिली आणि जानेवारी १९३९ मध्ये सुरू झाली. एका फेरीला २५ सेंट.

१६ विजेतेपदं विस्मरणात गेली तरी चालतील, पण उजाड खाणगावाचं पुन्हा हिरवं आणि वापरातलं खोरं झालं ही गोष्ट राहावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मी गुलमर्गला दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम केला. दाबलेल्या हिमावर ठीक जमतं. ताज्या, खोल हिमात गेलो की स्की रुततात आणि मांड्या पेटतात. एंगन तर खोल हिमासाठीच प्रसिद्ध. त्यांची रीत काय होती?
(पुणे)

मांड्या पेटतात म्हणजे तुम्ही मागे रेलता. जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो, कारण टोकं बुडतील अशी भीती असते. मागे रेललं की वजन शेपटांवर जातं, टोकं वळायला तयार होत नाहीत आणि सगळा भार मांड्यांवर येतो. एंगन यांच्या शिकवणीचा गाभा उलट आहे. उभं राहायचं ते पावलांच्या मधोमध. उडीपटूला हे वेगळं शिकवावं लागत नाही, हवेत असताना त्याला तोल पावलांवरच सापडतो.

आता क्रमाने घ्या. पाय जवळ, साधारण वीतभर अंतरात. दाबलेल्या हिमावर तुम्ही वळणाच्या बाहेरच्या स्कीवर वजन टाकायला शिकलात. खोल हिमात तसं केलं तर ती एक स्की खाली बुडते, दुसरी वर राहते आणि तुम्ही फाकता. इथे दोन्हींवर सारखं वजन हवं, जणू दोन्ही मिळून एकच रुंद फळी.

मग लय. अंग वर ताणा, स्की हलक्या होऊन पृष्ठभागाकडे येतात, त्या क्षणी वळवा, मग हळूहळू गुडघ्यांत बसा. खाली दाबलेलं हिम तुम्हाला परत वर ढकलतं. तो रेटा येईल तेव्हाच पुढचं वळण घ्या, घाई करू नका. वळणं छोटी आणि सरळ खालच्या दिशेने. आडवं जात राहिलात तर वेग मरतो. आल्टात एंगन दोन्ही काठ्या एकदम टेकवून वळत. त्यामुळे खांदे दरीकडे सरळ राहतात आणि अंग एका बाजूला फिरत नाही. शिकताना तुम्हीही तसं करून पाहा. पुढे एकेक काठी टेकवलीत तरी हरकत नाही.

वेगाची भीती हे दुसरं कारण. खोल हिम स्वतःच ब्रेक लावतं. सपाट उतारावर वेग इतका कमी होतो की स्की वर येतच नाहीत, मग माणूस जोर लावून वळवायला जातो आणि पडतो. पंचवीसेक अंशांचा उतार लागतो. पण तीस अंशांपासून पुढे स्खलनाचा प्रदेश सुरू होतो, म्हणून सराव फक्त गस्तीपथकाने उघडलेल्या भागातच करा. गुलमर्गला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर, ३,९०० मीटरच्या वर, ही अट काटेकोर पाळा. सकाळी सूचनाफलक वाचल्याशिवाय आणि स्थानिक मार्गदर्शकाशिवाय हद्दीबाहेर जाऊ नका.

पडल्यावर उठायचीही रीत आहे. हात टेकलात तर तो खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही काठ्या हिमावर फुलीसारख्या आडव्या ठेवा आणि फुलीच्या मध्यावर तळहात टेकून उठा. उठण्याआधी स्की उताराला आडव्या आणि अंगाच्या खालच्या बाजूला आणायला विसरू नका. स्की सुटून हरवली तर बहुतेक जण स्वतःच्या आसपास शोधतात. ती बहुधा वर राहिलेली असते, जिथे सुटली तिथे. वर चढून काठी उताराला आडवी ओढत जा, स्की लागेल. काही जण बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीला, दीड-दोन मीटरची रंगीत फीत बांधून ती पँटच्या आत ठेवतात. साधा उपाय, पण दुपार वाचवतो. झाडांच्या बुंध्यांपासून लांब राहा. फांद्यांखाली हिम पोकळ असतं आणि त्यात डोकं खाली होऊन पडलेला माणूस एकटा बाहेर येऊ शकत नाही.

स्की भाड्याने घेणार असाल तर मधली रुंदी ९५ ते ११० मिलिमीटर मागा. शिकाऊ स्की बहुधा ७०-८० च्या असतात. रुंद स्कीने चूक लपते, मिटत नाही. तरी दोन आठवड्यांचा सराव असलेल्याला त्या नक्की मदत करतील.

आल्टाचं नाव होण्यामागे हिमाचाही वाटा आहे. तिथे हंगामात सरासरी ५०० इंचांहून जास्त हिम पडतं आणि ते कोरडं असतं. पाण्याचं प्रमाण ८ ते ९ टक्के. म्हणजे १० सेंटिमीटर हिम वितळवलं तर ८-९ मिलिमीटर पाणी. समुद्राजवळच्या डोंगरांवर हेच प्रमाण बरंच जास्त असतं आणि तिथे हे वळण घेताना पाय अडकल्यासारखे वाटतात.

भाऊ स्वेरे हिमस्खलनाच्या कामात होते. तोफा डागून स्खलन पाडतात हे खरं आहे का?
(ठाणे)

खरं आहे. स्वेरे हे आल्टातल्या अगदी सुरुवातीच्या हिमरक्षकांपैकी एक. दररोज किती हिम पडलं, किती वेगाने पडलं, वारा कुठून आला, तापमान किती चढलं, थरात कुठे कच्ची पातळी आहे, याच्या नोंदी करायच्या आणि उतार उघडायचा की बंद ठेवायचा हे सांगायचं. तासाला एक इंचाहून जास्त हिम आणि जोडीला जोराचा वारा, ही धोक्याची खूण आजही मानतात.

त्यांच्यानंतर महायुद्धातून परतलेले माँटी अॅटवॉटर या कामावर आले. साचलेलं हिम मोठं होण्याआधीच, माणसं घरात असताना, मुद्दाम पाडायचं ही त्यांची दिशा. १९४९ मध्ये आल्टात जुनी फ्रेंच बनावटीची ७५ मिलिमीटरची तोफ वापरली गेली. डागायला नॅशनल गार्डचे जवान असत. आता अनेक उतारांवर दूरनियंत्रित मनोरे हे काम करतात.

स्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर गाडलेल्याचा ठाव सांगणारं संदेशयंत्र आणि पाठीवर शोधकाठी व फावडं हवं. यातली एक वस्तू नसली तर बाकीच्या दोन फारशा उपयोगाच्या नाहीत.

कोरी आणि पुढची पिढी?
(औरंगाबाद)

कोरी (१९१६–२००६) १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या नॉर्डिक कंबाइंड संघाचे, म्हणजे उडी आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या जोडस्पर्धेच्या संघाचे, कर्णधार होते. पुढे ते आयडाहोतल्या मकॉल गावी स्थिरावले आणि १९६१ मध्ये सुरू झालेल्या ब्रंडेज माउंटनच्या संस्थापकांपैकी एक झाले. ऐंशी ओलांडल्यावरही ज्येष्ठांच्या शर्यतींत उतरत. स्वेरे यांनी आल्टाची स्कीशाळा चालवली आणि स्कीचे चित्रपट काढले. १९४८ मध्ये शाळा आल्फ यांच्याकडे आली ती पुढची चाळीस वर्षं. त्याच वर्षी सॉल्ट लेक सिटीतल्या ‘डेझरेट न्यूज’ या वृत्तपत्राबरोबर त्यांनी लोकांना मोफत धडे द्यायला सुरुवात केली. आल्फ आणि एव्हलिन यांचा मुलगा अॅलन विद्यापीठासाठी शर्यती धावला, पुढे आल्टातच जबाबदारीचं काम केलं आणि युटाच्या स्कीइतिहासाची जपणूक केली. तिन्ही भाऊ आणि अॅलन, चौघेही अमेरिकेच्या स्की हॉल ऑफ फेममध्ये आहेत. आल्फ यांना तो मान १९५९ मध्ये मिळाला.

स्टाइन एरिक्सन आणि एंगन एकच घराणं का?
(बेळगाव)

नाही. एरिक्सन (१९२७–२०१५) पुढच्या पिढीतले, ऑस्लोचे. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचं सुवर्ण आणि १९५४ च्या विश्वस्पर्धेत तीन सुवर्णपदकं मिळवून ते अमेरिकेत आले आणि अखेर युटातल्या डीअर व्हॅलीत राहिले. त्यांचे वडील १९१२ च्या ऑलिंपिकमधले जिम्नॅस्ट. स्टाइन स्कीवर कोलांटउड्या मारत, त्यांचं मूळ त्या घरात शोधता येतं. दोघंही नॉर्वेजियन आणि दोघंही युटाचे, त्यामुळे गल्लत होते.

आम्ही सॉल्ट लेक सिटीत राहतो. भारतातून आई-बाबा येणार आहेत. स्की न करता काय पाहता येईल?
(युटा)

पार्क सिटीजवळच्या युटा ऑलिंपिक पार्कमध्ये आल्फ एंगन स्की संग्रहालय आहे. प्रवेश मोफत आहे. जुन्या हिकरीच्या स्की, पदकं आणि करंडक तिथे आहेत. त्याच आवारात २००२ च्या ऑलिंपिकच्या उडीच्या टेकड्या आहेत. वर सांगितलेला ‘खाली झुकलेला कडा’ तिथे डोळ्यांनी पाहा. उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या आवरणावर उड्यांचा सराव चालतो.

आल्टाला जायचं तर जुलैअखेर ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा उत्तम. अल्बियन बेसिनमध्ये रानफुलं असतात आणि चालायच्या सोप्या वाटा आहेत. पायथाच सुमारे २,६०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळपास हजार मीटर उंच. पहिल्याच दिवशी त्यांना तिथे नेऊ नका. शहरात दोन दिवस राहू द्या, पाणी जास्त प्यायला सांगा, वर गेल्यावर पहिला तास फक्त बसून घालवा. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. हिवाळ्यात नेणार असाल तर राज्यमार्ग २१० स्खलनाच्या कामासाठी बंद असतो का ते सकाळी तपासा, आणि गाडीला हिमाचे टायर किंवा साखळ्या हव्यात, नाहीतर खोऱ्याच्या तोंडावरूनच परत पाठवतात. जोराच्या हिमवादळात तिथे सगळ्यांना इमारतींतच थांबायचा हुकूम निघतो आणि तो मोडता येत नाही. म्हणून रोजची औषधं आणि एका रात्रीचे कपडे गाडीत न ठेवता सोबत घ्या.